सिस्टर घरी येतात तेव्हा

वृद्ध माणसाची शुश्रूषा घरी चालू असेल, तर परिचारिकेचे निम्मे काम बोलण्यातून होते. रक्तदाब मोजणे, ड्रेसिंग बदलणे, इन्सुलिन देणे, कॅथेटर किंवा नाकातली नळी सांभाळणे ही हातांची कामे. पण कालची गोळी खरेच पोटात गेली का, रात्री उठताना तोल गेला का, भूक कशाने मेली, हे कुठल्याच यंत्रावर उमटत नाही. ते विचारावे लागते. विचारायची रीत चुकली, तर उत्तर ठरलेले असते: "बरंय."

रुग्णालयात जागा परिचारिकेची असते आणि रुग्ण तिथे परका. त्याचे कपडे, जेवणाची वेळ, दिवा मालवण्याची वेळ सगळे दुसऱ्याच्या हाती. घरी हा हिशेब उलटा होतो. तिथे परिचारिका पाहुणी आणि वृद्ध यजमान, मग तो अंथरुणाला खिळलेला का असेना. दारात चपला काढणे, "कुठे बसू?" असे विचारणे, देव्हाऱ्याशेजारची औषधांची पिशवी हलवण्याआधी परवानगी घेणे, या गोष्टी शिष्टाचाराच्या वाटतात; प्रत्यक्षात संवादाची सुरुवात तिथेच होते. ज्या घरात आपली विचारपूस होते, तिथे वृद्ध मोकळा होतो. ज्या घरात बॅग थेट पलंगावर आदळते, तिथे तो पुन्हा 'पेशंट' होऊन बसतो.

घरी येणाऱ्या व्यक्तीला मराठी कुटुंबे सरसकट 'सिस्टर' म्हणतात, तरी त्यात फरक आहे. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली नोंदणीकृत परिचारिका वेगळी, उपकेंद्राची एएनएम वेगळी, आणि ब्युरोकडून बारा तासांच्या पाळीवर येणाऱ्या मावशी किंवा मामा वेगळे. मावशी-मामांचे प्रशिक्षण बहुधा जुजबी असते, पण वृद्धाशी सर्वांत जास्त वेळ बोलतात तेच. २०११च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. हा आकडा वाढतो आहे आणि घरातली कमावती माणसे दिवसभर बाहेर असतात, म्हणून ही दारावरची बेल शहरांतून आता नेहमीची झाली आहे.

घरोघर जाणारी शिकलेली परिचारिका ही कल्पना इंग्लंडमधली. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या आजारी पत्नीची शुश्रूषा मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने केली होती. पत्नीच्या मृत्यूनंतर, १८५९ साली, रॅथबोन यांनी तिलाच शहरातल्या गरीब रुग्णांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे 'नोट्स ऑन नर्सिंग' प्रसिद्ध झाले. रुग्णाला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसावे, त्याच्याशी बोलताना उभे राहू नये, दाराबाहेर कुजबुजू नये, पोकळ धीर देऊ नये, असे त्यात बजावले आहे. कुजबुज ऐकणाऱ्याला वाटते, आपल्याबद्दलच चालले आहे. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही घरोघरी हीच चूक होते, फक्त दाराबाहेरच्या जागी आता स्वयंपाकघराचा ओटा असतो.

मराठीत पहिला प्रश्न हाक मारण्याचा. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' पुरतो. मराठीत मात्र तू, तुम्ही आणि आपण यांतून निवड करावी लागते, आणि ही निवड वृद्धाच्या कानाला लगेच कळते. गंमत अशी की मराठी माणूस आईला, आजीला आणि देवाला 'तू'च म्हणतो. त्यामुळे एखादी तरुण परिचारिका "अगं आजी, हात दे बघू" म्हणते तेव्हा तिच्या मनात माया असते. पण आजीला 'तू' म्हणायचा हक्क नातवंडांना जन्माने मिळालेला असतो. परिचारिकेला तो मिळवावा लागतो. आजींनीच "मला तुम्ही-बिम्ही नको म्हणूस गं" असे सांगितले की दार उघडले. तोवर 'तुम्ही' बरे. आजोबांच्या बाबतीत तर बहुतेक घरांत शेवटपर्यंत 'तुम्ही'च.

'आजी-आजोबा' हेही सर्वांना रुचत नाही. चाळीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाई अजूनही 'बाई'च असतात, आणि निवृत्त मुख्याध्यापक 'सर' म्हटले की ताठ बसतात. कुणाला 'काकू' चालते, कुणाला घरातली हाक, नाना, माई, अण्णा, जवळची वाटते. पहिल्याच भेटीत "तुम्हाला काय म्हणू?" एवढे विचारून टाकले की अंदाज बांधावा लागत नाही.

'आपण'ची भानगड आणखी वेगळी. आदरार्थी 'आपण' आता घरगुती बोलण्यात फारसा उरलेला नाही. परिचारिकांच्या तोंडी असतो तो दुसरा, सर्वांना सामावून घेणारा 'आपण': "आपण आता गोळी घेऊ या हं", "आपण शी केली का आज?" गोळी घेणार एकटे आजोबा, शी केली असेल तर त्यांनीच, सिस्टरचा त्यात वाटा नाही. लहान मुलाला भरवताना हीच भाषा वापरतात. वृद्धांशी असे बोबडे, लडिवाळ, सूर चढवून बोलण्याला संशोधक 'एल्डरस्पीक' म्हणतात. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातील क्रिस्टीन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमांतील शुश्रूषेच्या चित्रफिती तपासल्या. कर्मचारी असे बोलत तेव्हा स्मृतिभ्रंश झालेले रहिवासी शुश्रूषेला जास्त विरोध करताना दिसले: तोंड फिरवणे, हात झटकणे, ओरडणे. शब्दांचा अर्थ पुसट झाला तरी सुरातला कमीपणा कळतो, असे म्हणायला यातून जागा आहे. "शहाणी ना आमची आजी!" हे वाक्य कौतुकाचे असले, तरी त्यात आजीचे वय सहा वर्षांवर आणलेले असते.

बोलणे मोठ्याने असावे, हा दुसरा सार्वत्रिक गैरसमज. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठीच्या पुढच्या चारांतल्या एकाहून जास्त लोकांना अडचण व्हावी इतका श्रवणदोष असतो. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात. स, श, ख, थ, फ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणून वृद्ध म्हणतात, "आवाज येतो, पण कळत नाही." अशा कानाशी ओरडले की स्वर आणखी दणकट होतात, व्यंजने तिथेच राहतात, आणि वर चेहऱ्यावर राग दिसतो. उपयोग होतो तो पट्टी किंचित खाली आणण्याचा, हळू बोलण्याचा आणि समोर बसून ओठ दिसू देण्याचा. खिडकीकडे पाठ करून बसले तर चेहरा काळोखात जातो. टीव्ही, मिक्सर, पंखा आणि कुकरची शिट्टी यांच्यातून चांगल्या कानालाही वाट काढावी लागते. तेव्हा आधी टीव्ही बंद करायची परवानगी मागावी. कानात यंत्र असेल तर ते चालू आहे ना आणि सेल संपलेला नाही ना, हे पाहून मगच संवाद जमत नसल्याची तक्रार करावी.

आकड्यांत तर धोकाच आहे. 'सात' आणि 'साठ' यांत फरक एका 'ठ'चा, तोही कमी ऐकू येणाऱ्या व्यंजनाचा. इन्सुलिनच्या घरात हा फरक जिवावर बेतू शकतो. भारतात मिलिलिटरला ४० युनिटच्या कुप्या आणि १०० युनिटची इन्सुलिने दोन्ही मिळतात, त्यांच्या सिरिंज वेगवेगळ्या असतात, टोपणांचे रंगही वेगळे: चाळीससाठी लाल, शंभरसाठी नारिंगी. म्हणून आकडा तोंडी सांगून थांबायचे नसते. तो ठळक लिहायचा, सिरिंजवरची रेघ बोटाने दाखवायची आणि समोर भरून घ्यायला लावायचे.

याच जातीची आणखी एक युक्ती आहे. "कळलं ना?" या प्रश्नाला मराठी वृद्ध "हो" म्हणतात, कारण "नाही" म्हटले तर सिस्टरला वाईट वाटेल किंवा आपण अडाणी ठरू. त्याऐवजी परिचारिका म्हणते, "मी नीट सांगितलं का बघू. उद्या सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय करणार, मला सांगा." परीक्षा सिस्टरची होते, वृद्धाची नाही, आणि चूक असेल ती लगेच समोर येते. असेच एकदा कळते की 'उपाशीपोटी' घ्यायची गोळी आजोबा रोज चहा-खारीनंतर घेत होते, कारण त्यांच्या लेखी चहा म्हणजे खाणे नव्हे. किंवा मधुमेही आजी संकष्टीला जेवत नाहीत, गोळी मात्र नेमाने घेतात, आणि संध्याकाळी त्यांना दरदरून घाम सुटतो. "उपास करता का?" असा थेट प्रश्न विचारला तर वृद्धांना वाटते, आता बंदी येणार. "चतुर्थीला काय काय खाता?" या प्रश्नाला मात्र साबुदाण्यासकट सगळी हकिकत मिळते.

दुखण्याची मराठी भाषा श्रीमंत आहे, आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिकेला ती यावी लागते. दुखते म्हणजे काय होते? कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, आग होते, टोचते, मुंग्या येतात, बधिर होते. आग आणि मुंग्या म्हटले की मधुमेहाने दुखावलेल्या नसांची शंका, ठणका म्हटले की सूज किंवा पू झाला असेल का ते बघणे. "घेरी येते" हा शब्द तर उलगडल्याशिवाय सोडताच येत नाही. घर फिरल्यासारखे वाटते की डोळ्यांपुढे अंधारी येते? पहिल्या उत्तराचा रोख बहुधा कानाच्या आतल्या भागाकडे असतो. दुसरे उत्तर, त्यातही उठून उभे राहताना होणारे, रक्तदाब एकदम उतरण्याकडे बोट दाखवते. मग झोपवून आणि उभे करून असे दोनदा मोजावे लागते. आणि सगळ्यांत फसवा शब्द 'गॅस'. छातीत, पोटाच्या वरच्या भागात काहीही झाले की तो गॅसच. वृद्धांत, विशेषतः मधुमेहींत, हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येतो. नुसता घाम, मळमळ, दम आणि 'गॅस'. हा शब्द ऐकल्यावर ओव्याची फक्की सुचवणारी परिचारिका घरच्यांना आवडते खरी, पण आधी नाडी बघणारी कामाची.

प्रश्न घरातल्या वस्तूंच्या भाषेत विचारले की उत्तरे नेमकी येतात. "दम लागतो का?" याला उत्तर "वय झालं आता." त्याऐवजी "रात्री उशा किती लागतात?" असे विचारले आणि महिन्यापूर्वी एक पुरायची तिथे आता तीन लागतात असे कळले, तर हृदयाची ताकद कमी होत असल्याचा तो इशारा असतो. पायाला सूज आहे का, यापेक्षा "संध्याकाळी चप्पल घट्ट होते का?" हे बरे. शून्य ते दहा अशी दुखण्याची मोजपट्टी रुग्णालयात चालते. ऐंशीच्या आजीला ती परकी वाटते. तिच्या लहानपणी रुपया सोळा आण्यांचा होता, दशमान नाणी आली १९५७ साली. तिला "कालच्यापेक्षा किती आणे फरक?" विचारावे. "आठ आणे" हे उत्तर पुरेसे नेमके आहे, आणि दोन दिवसांनी "बारा आणे" आले की नोंदही करता येते.

एवढे झाले शरीराचे. मनातले इतक्या सरळपणे विचारता येत नाही, आणि सांगितलेही जात नाही. वैद्यकीय संभाषणात भावना कशा डोकावतात, हे टिपण्यासाठी इटलीतल्या व्हेरोना शहराच्या नावाने ओळखली जाणारी एक वर्गीकरण पद्धत २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यात स्पष्ट बोलून दाखवलेली चिंता वेगळी धरतात आणि आडून दिलेली खूण वेगळी. ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाचेही दोन भाग: पुढे बोलायला जागा देणारा आणि जागा आवळणारा. नॉर्वे आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धांच्या घरी होणाऱ्या भेटी ध्वनिमुद्रित करून त्यांना ही चाळणी लावली. उघड सांगितलेल्या चिंता थोड्या निघाल्या, आडून दिलेल्या खुणा पुष्कळ. थंड देशांतल्या या वृद्धांचे वागणे मराठी घरात ओळखीचे वाटावे असेच आहे. "माझं काय, आज आहे उद्या नाही", "आता सुटलो की झालं", "तुम्ही आहात म्हणून कुणीतरी येतं तरी", ही सारी खुणेची वाक्ये.

समजा, मधुमेहाने पायाला जखम झालेल्या एका आजींचे ड्रेसिंग चालले आहे. गॉज सलाइनने भिजवून सिस्टर हलकेच सोडवते आहे. आजी भिंतीकडे बघत म्हणतात, "या पायाचं आता काय करायचंय? कुठं जायचंय मला." यावर हमखास येणारे उत्तर असते, "असं बोलायचं नाही आजी, शंभरी गाठायचीय तुम्हाला." हेतू चांगला, पण विषय तिथेच मिटला. दुसरी सिस्टर हात चालू ठेवते आणि म्हणते, "कुठं जायचंय म्हणता..." आणि गप्प राहते. दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही. मग आजी सांगतात, थोरल्या बहिणीचे असेच अंगठ्यापासून सुरू झाले आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. म्हणजे ही जगण्यावरची उदासी नव्हती, पाय जाण्याची भीती होती. भीतीला उत्तर देता येते. सिस्टर मोबाइलवर गेल्या आठवड्याचा फोटो काढते, आजची जखम शेजारी दाखवते: तळाशी लाल मांस भरत आले आहे, कडा आत सरकल्या आहेत, वास नाही. "पाय वाचेलच" असे ती म्हणत नाही, कारण ते तिच्या हातात नाही. काय दिसले तर त्याच दिवशी फोन करायचा, तेवढे सांगते. या सगळ्याला जास्तीची दोन मिनिटे लागली असतील. हात कामात असताना डोळ्याला डोळा भिडत नाही, म्हणून बोलायला सोपे जाते, हाही घरच्या शुश्रूषेचा एक फायदा.

मात्र प्रत्येक खूण उकरायचीच असे नाही. काही वृद्धांना आपले दुःख आपल्यापाशी ठेवण्यातच मान वाटतो. जागा करून द्यावी. त्यांनी ती नाही घेतली तर पुढच्या ड्रेसिंगला पुन्हा असू द्यावी.

मराठी घरात संवाद दोघांचा क्वचितच असतो. प्रश्न सासूबाईंना, उत्तर सुनेकडून. प्रश्न वडिलांना, उत्तर मुलाकडून, तेही वडिलांदेखत "त्यांना काही कळत नाही हो" या प्रस्तावनेसह. परिचारिकेने आधी वृद्धाकडे बघून विचारावे, उत्तराला वेळ द्यावा आणि मगच घरच्यांकडे वळावे. घरच्यांना टाळणेही बरोबर नाही, कारण रात्री दोनला उठणारी सूनच असते आणि "परवापर्यंत बाबा ठीक बोलत होते, कालपासून भलतेच बोलतात" हे तीच सांगू शकते. असा अचानक बदल म्हातारपणाचा म्हणून सोडून द्यायचा नसतो. लघवीतला जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, एखादी नवी गोळी, यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे लागते.

"सुनेला सांगू नकोस" असे म्हणून वृद्ध काही सांगतात, तेव्हा पेच पडतो. चोरून लाडू खाल्ल्याचे गुपित आणि दंडावरच्या काळ्यानिळ्या खुणांचे गुपित सारखे नसते. जिवाला धोका असेल ते गुपित ठेवता येणार नाही, हे ऐकण्यापूर्वीच सांगितलेले बरे. मुलांकडून हेळसांड होत असेल तर २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाबाबतच्या कायद्याचा आधार आहे. पण ते बोलणे खोलीत दुसरे कुणी नसतानाच सुरू करता येते. कर्करोगाचे निदान वृद्धापासून लपवणे हाही आपल्याकडचा नित्याचा प्रकार. परिचारिकेने आपण होऊन गौप्यस्फोट करायचा नसतो आणि खोटेही बोलायचे नसते. "तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय?" या प्रश्नाने बहुतेक वेळा कळते की आजोबांना सारे ठाऊक आहे आणि ते मुलांना सांभाळून घेत आहेत. केरळात १९९३ साली कोझिकोडमध्ये सुरू झालेले आणि २००८ साली राज्याचे धोरण बनलेले उपशामक शुश्रूषेचे काम घरोघर जाणाऱ्या परिचारिकांच्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर उभे राहिले. अशा कामात हे ऐकणे औषधाइतकेच मोलाचे धरतात.

स्मृतिभ्रंशात संवादाचे नियम बदलतात. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना तो असावा, म्हणजे जवळपास ८८ लाखांना, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. अशा माणसाला येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "ओळखा पाहू मी कोण?" प्रेमाने विचारलेली ही परीक्षा, आणि रोज नापास होण्याची शिक्षा. सिस्टरने आपण होऊन नाव सांगावे, रोज सांगावे. एका वेळी एकच सूचना द्यावी. 'आंघोळ करू या' यात डझनभर कामे दडलेली असतात. "हे बटण काढा" यात एक. स्वतःच्या घरात बसलेल्या आजी "मला घरी जायचंय" म्हणतात तेव्हा "हेच घर आहे" हा खुलासा बरोबर असूनही निरुपयोगी असतो. "घरी कोण कोण आहे?" विचारले की माहेरचा वाडा, विहीर, आई निघते आणि जाण्याची घाई ओसरते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ सालच्या 'डिमेन्शिया रीकन्सिडर्ड' या पुस्तकात मांडले की फसवणे, घाई करणे, मूल समजणे, समोर असून नसल्यासारखे वागवणे, या वागणुकीने माणूस आणखी खचतो. पक्षाघाताने वाचा गेलेल्यांची गोष्ट निराळी: त्यांना बहुधा बरेचसे समजत असते, शब्द सापडत नाही. तिथे हो-नाहीचे प्रश्न, चित्रे आणि शब्द तोंडात न कोंबता थांबण्याची तयारी लागते.

थांबायला वेळ हवा, आणि तोच विकत घेतलेला असतो. इंग्लंडमध्ये पंधरा मिनिटांच्या भेटींवर इतकी टीका झाली की २०१५ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अर्ध्या तासाहून लहान भेटी काही ठराविक परिस्थितींतच द्याव्यात असे सांगावे लागले. नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक यांनी २००६च्या सुमारास सुरू केलेल्या 'ब्यूर्टझोर्ग' संस्थेत जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा गट आपला परिसर स्वतः सांभाळतो, म्हणजे दारात रोज नवा चेहरा दिसत नाही. आपल्याकडे पाळ्या बदलतात, माणसे बदलतात, आणि दुवा राहतो तो पलंगाशेजारच्या शंभर पानी वहीचा. तिच्यात बीपी आणि शुगर असतेच. तिच्यात "डाव्या कानाने ऐकू येते, त्या बाजूला बसावे", "पाय कापतील अशी भीती आहे, फोटो दाखवावा" अशा ओळीही हव्यात. नाहीतर आजींना तेच दुखणे दर सोमवारी नव्याने सांगावे लागते, आणि तिसऱ्या सोमवारी त्या "बरंय" वर येतात.

भेटीचा शेवटही कामाचा भाग आहे. मराठी घरात महत्त्वाचे बोलणे निघते ते पाहुणा चपला घालताना. "बरं, एक विचारायचं राहिलं..." असे म्हणून आजोबा लघवीतून रक्त गेल्याचे सांगतात, महिना झालेला असतो. म्हणून अनुभवी परिचारिका बॅग पाच मिनिटे आधी बंद करते आणि बसून राहते. मग उठून भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी जाते आणि पुढच्या तारखेच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी, मोठ्या अक्षरात लिहिते: 'सिस्टर, सकाळी १०.' त्या दिवशी दुसरी कुणी येणार असेल, तर तिचे नावही.